‘मेटल’ या शब्दाच्या पोटात खाण आहे

पावतीवर एक ओळ असते : ‘मेटल ४० एमएम, ४ ब्रास, जाग्यावर पोच.’ सातारा, कराड, विटा, तासगाव, मिरज, कुठल्याही बांधकामावर ही ओळ दाखवा, गवंड्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सर्वांना ती कळते. चार ब्रास खडी पोचली, एवढाच तिचा अर्थ. पण हीच पावती इंग्रजी चांगले येणाऱ्या, मात्र बांधकामाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती गेली तर तो चक्रावतो. त्याच्या लेखी ‘मेटल’ म्हणजे धातू आणि ‘ब्रास’ म्हणजे पितळ. चार पितळ धातू हा काय हिशेब आहे, असे तो विचारतो.

आमच्या वाचकांत या दोन्ही ‘मेटल’चे धंदेवाले आहेत. एकीकडे भांडी, पत्रा, पाइप, सळई आणि भंगार यांचे व्यापारी, कल्हई करणारे, वेल्डिंगचे कारागीर. दुसरीकडे खडी, मुरूम, वाळू पुरवणारे, डंपरचे मालक, रस्त्याची लहान-मोठी कामे घेणारे ठेकेदार. पहिल्या गटातील मंडळींची अशी समजूत असते की दगडाला मेटल म्हणणे ही अर्धवट इंग्रजी आहे, कुणा मुकादमाने चुकीचे उच्चारले आणि तेच रूढ झाले. ही समजूत बरोबर नाही. शब्दाचा इतिहास पाहिला तर खडीला मेटल म्हणणारा माणूस मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. हा इतिहास गमतीचा तर आहेच, पण त्यातून धंद्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टीही निघतात. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे.

ग्रीक खाणीतून निघालेला शब्द

‘मेटल’ हा शब्द इंग्रजीचा घरचा नाही. तो तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनने तो ग्रीक भाषेकडून घेतला. ग्रीक शब्द आहे ‘मेटॅलॉन’. त्याचा पहिला अर्थ धातू नव्हता. त्याचा अर्थ होता खाण, म्हणजे जमीन खणून काही काढतात ती जागा.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. सोन्याच्या आणि चांदीच्या खाणींना तो हाच शब्द वापरतो. अथेन्स शहराजवळ लॉरियन येथे चांदीच्या खाणी होत्या, त्यांच्या उत्पन्नावर त्या शहराने आपले आरमार उभे केले. पण हेरोडोटस आफ्रिकेच्या वाळवंटातील मिठाच्या खाणीलाही ‘मेटॅलॉन’ म्हणतो. मीठ काही धातू नव्हे. म्हणजे आतून काय निघते याच्याशी शब्दाला कर्तव्य नव्हते. सोने निघो, मीठ निघो की संगमरवर निघो, खणायची जागा ती मेटॅलॉन.

या ग्रीक शब्दाच्याही मागे काय असावे, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. ‘शोधणे, चौकशी करणे’ अशा अर्थाचे एक ग्रीक क्रियापद आहे, त्याच्याशी काही जण याचे नाते जोडतात. काहींना ते पटत नाही. तो वाद आपण त्यांच्याकडेच ठेवू.

रोमन लोकांनी हा शब्द ‘मेटॅलम’ असा केला. त्यांच्या भाषेत खाण आणि खाणीतून निघालेला माल असे दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदू लागले. इजिप्तच्या पूर्व वाळवंटात ग्रॅनाइट दगडाच्या मोठ्या खाणी होत्या. रोममधील पँथिऑन या प्रसिद्ध इमारतीच्या दर्शनी भागातले करडे खांब तिथून गेले. त्या दगडखाणीलाही रोमन लोक मेटॅलमच म्हणत. म्हणजे दगडाला मेटल म्हणण्याची रीत आपल्या मुकादमापेक्षा किमान अठराशे वर्षे जुनी आहे.

रोमन कायद्यात एक शिक्षा होती, ‘मेटॅलममध्ये पाठवणे’. याचा अर्थ गुन्हेगाराला खाणीत सक्तमजुरीला धाडणे. देहान्ताच्या खालोखाल ती शिक्षा मानली जाई, कारण तिथून परत येणारे थोडे. आपल्याकडे मराठीत ‘खडी फोडायला पाठवणे’ म्हणजे तुरुंगात पाठवणे. रोमचा कायदा आणि आपली बोली यांची कधी गाठ पडलेली नाही, तरी दोघांनी दगड फोडण्याच्या कामाची एकच किंमत केली. हे काम माणूस खुशीने करत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

पुढे युरोपच्या भाषांत खाणीचा अर्थ मागे पडत गेला आणि मालाचा अर्थ पुढे आला. मालातही सोने, चांदी, तांबे, लोखंड ही किमती जिन्नस तेवढी ‘मेटल’ उरली. इंग्रजीत ‘मेटल’चेच जुने वेगळे स्पेलिंग पुढे स्वतंत्र शब्द बनले. उच्चार तोच, अर्थ मात्र माणसाची धमक, त्याचा कस. ‘मेडल’ हा शब्दही बहुतेक शब्दकोश याच मेटॅलमपर्यंत नेऊन पोचवतात, एक दुसरे मतही आहे. साताऱ्याच्या मंडळींना हे वाचून बरे वाटेल. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मेडल मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या पदकाचे नाव आणि त्यांच्या गावच्या रस्त्यावरील खडीचे नाव बहुधा एकाच घरातले आहे.

अरबी, फारसी आणि मराठीची साक्ष

खाण आणि धातू यांना एकच शब्द, हे फक्त ग्रीकांकडेच घडले असे नाही. अरबीत ‘मअदिन’ म्हणजे खाण, आणि आजच्या अरबीत धातूलाही ‘मअदिन’च म्हणतात. उर्दूत तो ‘मादन’ म्हणून आला, त्याचे अनेकवचन ‘मआदिन’, आणि खनिज पदार्थांना ‘मादनियात’. ज्यांनी उर्दू माध्यमातून भूगोल शिकला त्यांना हे शब्द ओळखीचे असतील.

पण अरबी शब्दाचा विचार वेगळ्या दिशेने जातो. त्याचे मूळ ‘अदन’, म्हणजे एखाद्या ठिकाणी मुक्काम करणे, कायम राहणे. ‘जन्नते अदन’ मधला अदन तोच, कायमच्या वस्तीची बाग. तेव्हा मअदिन म्हणजे जिथे एखादी वस्तू ठाण मांडून बसलेली आहे ती जागा. ग्रीक शब्द आपल्याला खणायची जागा दाखवतो, अरबी शब्द त्या मालाचे घर दाखवतो.

फारसीत खाणीला ‘कान’ म्हणतात, त्यावरून उर्दूतील ‘कानकनी’ म्हणजे खाणकाम. हा ‘कान’ आणि आपली मराठी ‘खाण’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. फारसी ‘कंदन’ म्हणजे खणणे आणि संस्कृत ‘खन्’ म्हणजेही खणणे. आपल्या घरांत उर्दूही चालते आणि मराठीही, म्हणून ‘कान’ आणि ‘खाण’ असे दोन शब्द आपण दोन खिशांत घेऊन फिरतो, पण नाणे एकाच टांकसाळीचे आहे.

‘धातू’ हा शब्द ‘धारण करणे, ठेवणे’ या अर्थाच्या मुळापासून आला. जुन्या ग्रंथांत तो शरीरातील रक्त-मांसालाही लावतात आणि डोंगरातील गेरू वगैरे खनिजांनाही. म्हणजे आपल्याकडेही धातू हा शब्द आधी डोंगरात होता, भांड्याच्या दुकानात तो नंतर आला.

रस्त्यावर मेटल कसे आले

मग इंग्रजीत विसरला गेलेला दगडाचा अर्थ आपल्या पावतीवर कसा आला? त्याची वाट इंग्लंडच्या खाणींतून आणि रस्त्यांवरून येते.

शहरी इंग्रजीत मेटल म्हणजे धातू झाले तरी खाणकामगारांच्या बोलीत जुना अर्थ टिकून होता. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या कोळसा खाणींत कोळशाच्या थरांमध्ये लागणाऱ्या घट्ट चिकणमातीच्या दगडाला कामगार ‘मेटल’ म्हणत. त्यात धातूचा कणही नसे. खणताना लागते ते मेटल, एवढाच त्यांचा हिशेब.

एकोणिसाव्या शतकात रस्त्यांवर टाकायच्या फोडलेल्या दगडालाही हेच नाव सर्वत्र चालू लागले. या काळात रस्तेबांधणीची पद्धतच पालटली होती. ती पालटणाऱ्यांतले मोठे नाव म्हणजे स्कॉटलंडचे जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६ ते १८३६). १८१६ साली ते ब्रिस्टॉल भागातील रस्त्यांचे मुख्य अधिकारी झाले. तोपर्यंत मोठमोठे धोंडे खाली घालून वर माती-मुरूम लोटण्याची रीत होती. मॅकॅडम यांचे म्हणणे असे की रस्त्याचे ओझे शेवटी खालची जमीनच पेलते. ती जमीन कोरडी ठेवा, पाणी दोन्ही बाजूंना काढून द्या, आणि वर सारख्या मापाचे, कोनेदार फोडलेले लहान दगड पसरा. गाड्यांच्या चाकांखाली हे दगड एकमेकांत रुतून बसतात आणि छपरासारखा पक्का थर होतो. दगडाचे वजन ६ औंसांहून अधिक असू नये, असा त्यांचा दंडक होता. ६ औंस म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबाने साडेचौदा तोळे. तराजू जवळ ठेवून दगड तपासावेत, असे ते सांगत. गोल गोटा त्यांना चालत नसे, कारण गोटा गोट्यावरून घसरतो आणि कोनेदार दगड कोनात अडकतो. आपल्याकडील अनुभवी मुकादमही नदीचा गोटा आणि फोडलेली खडी यांतला फरक याच शब्दांत सांगतो.

इंग्रजी अमलात सार्वजनिक बांधकाम खात्याबरोबर ही पद्धत आणि तिची भाषा आपल्याकडे आली. ‘डब्ल्यू. बी. एम.’ हा शब्द ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही पाठ असतो. त्याचे पूर्ण रूप ‘वॉटर बाऊंड मॅकॅडम’, म्हणजे खडी पसरून, मुरूम-माती भरून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेला रस्ता. त्या साहेबांचे नाव असे आपल्या प्रत्येक गावच्या ठरावात येऊन बसले आहे. त्याच कागदांतून ‘रोड मेटल’ आले, आणि आपल्या लोकांनी ‘रोड’ गाळून ‘मेटल’ ठेवले. मराठीने ‘खडीकरण’ हा आपला चांगला शब्द दिला, तरी पावतीवर आणि बोलण्यात दोन्ही चालतात. शब्दांचे बाजारातही असेच असते, जुना माल आणि नवा माल एकाच फळीवर मांडलेला असतो.

आपल्या पायाखालचे मेटल

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत या शब्दाला मोठी जागा मिळाली याचे कारण जमिनीत आहे. इथे तांब्याच्या, सोन्याच्या खाणी नाहीत. इथे आहे काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा हा दगड बनला. शास्त्रज्ञ या सगळ्या प्रदेशाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. इथला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडिश भाषेतील शब्द आहे, त्याचा अर्थ जिना. अजिंक्यताऱ्याकडे, सज्जनगडाकडे किंवा मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराकडे लांबून पाहिले की डोंगराच्या अंगावर पायऱ्या दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. हा दगड जड, घट्ट आणि फोडल्यावर कोनेदार निघतो. मॅकॅडम साहेबाला हवा होता तो माल आपल्याकडे डोंगरच्या डोंगर पडून आहे.

याच थरांच्या डोक्यावर महाबळेश्वर, पाचगणी आणि कास या भागांत तांबडा जांभा दगड आहे. त्याला इंग्रजीत ‘लॅटराइट’ म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दक्षिण भारताच्या प्रवासवर्णनात दिले. मलबारात लोक हा दगड ओला असताना विटेसारखा कापतात हे त्यांनी पाहिले, आणि लॅटिनमध्ये विटेला ‘लेटर’ म्हणतात त्यावरून नाव ठेवले. जगभर चालणारा हा शब्द म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांच्या कामाकडे पाहून केलेला आहे.

या तांबड्या दगडात लोखंडाचा अंश असतो, आणि इथे आपल्या बिरादरीच्या इतिहासाचे एक पान येते. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड नावाचे मुसलमान कारागीर राहत. डोंगरातील लोखंडी दगड गोळा करायचा, कोळशाच्या भट्टीत भात्याने वारा घालून गाळायचा आणि लोखंड काढायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आणि द. ब. पारसनीस यांच्या १९१६ सालच्या ‘महाबळेश्वर’ या इंग्रजी पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. ग्रीक अर्थाने पाहिले तर हे खरेखुरे ‘मेटल’वाले. खाणही त्यांची, भट्टीही त्यांची आणि धातूही त्यांचा.

मग हा धंदा बुडाला कसा? दगड संपला नव्हता आणि हातातली कलाही गेली नव्हती. विलायतेहून स्वस्त लोखंड येऊ लागले आणि इकडे जळण महाग झाले. भट्टी चालवायला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली आणि भट्ट्या विझल्या. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच ही मंडळी मोलमजुरीकडे आणि जंगलातील किरकोळ वस्तू विकण्याकडे वळली.

याच्या उलट उदाहरणही याच भूमीत आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना ती जागा दिली. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. तिथे लोखंडाची खाण नव्हती, कच्चे लोखंड बाहेरून आणावे लागे. तरी लोखंडी नांगराचा कारखाना तिथे उभा राहिला आणि टिकला, कारण रेल्वे जवळ होती, गिऱ्हाईक शेतकरी जवळ होता आणि माल कुठून आणायचा याचा बंदोबस्त होता. खाण दाराशी असून धावड बुडाले, आणि खाण शेकडो मैल दूर असून किर्लोस्करवाडी चालली. धंदा नुसत्या खाणीवर चालत नाही. खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंतची वाट मोकळी आहे की नाही, यावर तो चालतो.

धातूंच्या नावांत गावांची नावे

खाण मागे पडली तरी नावांत ती डोकावते. इंग्रजीत तांब्याला ‘कॉपर’ म्हणतात. हे नाव सायप्रस बेटावरून पडले, कारण रोमन लोकांना तांबे तिथून मिळे. आमच्या कल्हईवाल्या बांधवांचा शब्दही असाच आहे. ‘कल्हई’ हा अरबी ‘कलई’पासून आला, त्याचा अर्थ कथील. जुन्या अरब भूगोलकारांनी लिहून ठेवले आहे की हे कथील मलाया द्वीपकल्पातील ‘कलह’ नावाच्या बंदराहून येई, आणि त्यावरून त्याला कलई म्हणतात. म्हणजे आळीत ‘कल्हईऽऽ’ अशी हाळी घालणारा माणूस नकळत समुद्रापलीकडच्या एका बंदराचे नाव घेत असे.

शिकलगार हे आडनाव मिरज-सांगलीकडे सर्वांच्या परिचयाचे. अरबी ‘सैकल’ म्हणजे धातूला चकाकी देणे, त्याला फारसी ‘गर’ लागून ‘सैकलगर’, म्हणजे तलवारी-हत्यारांना पाणी आणि पॉलिश देणारा. हत्यारांचा काळ सरला तेव्हा मिरजेच्या शिकलगारांनी तंतुवाद्ये बनवण्याकडे हात वळवला. त्यांच्या सतार-तानपुऱ्यांनी नाव काढले आणि मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आडनाव पोलादाचे, काम भोपळ्या-लाकडाचे आणि तारेचे. धावडांची भट्टी विझली, शिकलगारांनी वेळेवर दुसरी वाट धरली.

पावती लिहिताना

आता कामाच्या गोष्टी. एका शब्दाला दोन अर्थ असले की बोलण्यात अडत नाही, पण कागदावर अडते. आणि हल्ली कागद आपल्या आधी दूरवर जातो. हिशेबनीस पुण्यात, बँक मुंबईत आणि कर भरायचा संगणकावर. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट मालाच्या नावाची. बिलावर नुसते ‘मेटल’ लिहू नये. ‘दगडी खडी’ किंवा ‘स्टोन मेटल’ असे लिहून पुढे माप लिहावे. जी. एस. टी. मध्ये प्रत्येक मालाला एच. एस. एन. क्रमांक असतो. फोडलेल्या दगडाचा क्रमांक २५१७. त्या शीर्षकाच्या मूळ इंग्रजी वर्णनात रस्त्यासाठीच्या ‘मेटलिंग’चा आणि ‘मॅकॅडम’चा उल्लेख आहेच, म्हणजे कायद्यानेही हा शब्द मान्य केला आहे. लोखंड-पोलादाचे प्रकरण ७२ वे, तांबे आणि पितळेचे ७४ वे. १ जुलै २०१७ रोजी जी. एस. टी. सुरू झाला तेव्हा खडीवर ५ टक्के आणि लोखंड-पोलादावर १८ टक्के कर होता. दर वेळोवेळी बदलतात, चालू दर आपल्या कर सल्लागाराला विचारावा. पण ‘मेटल’ एवढेच लिहिलेले बिल दगडाच्या क्रमांकाऐवजी धातूच्या क्रमांकाखाली गेले तर फरक किती पडेल, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट मापाची. आपला ‘ब्रास’ पितळेचा नव्हे. तो १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटरचा. सैल खडी एका ब्रासला साधारण चार ते सव्वाचार टन भरते. दगडाचे आकार, ओलावा आणि चुरीचे प्रमाण यांवर ते थोडे कमी-जास्त होते. खाणीतला अखंड दगड मात्र तेवढ्याच जागेत आठ टनांच्या आसपास भरतो, कारण त्यात पोकळी नसते. तेव्हा व्यवहार ब्रासवर ठरला असेल तर ते सैल मालाचे माप आहे की अखंड दगडाचे, आणि गाडीत मोजायचे की वजनकाट्यावर, हे आधीच लिहून घ्यावे. बरेच तंटे माल खराब निघाल्यामुळे होत नाहीत, माप कुठे धरायचे हे न ठरल्यामुळे होतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती मूळ शब्दाचीच आहे. माल कोणत्या खाणीतला? १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने बांधकामाचा दगड, मुरूम, साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्राचे गौण खनिज उत्खनन नियम २०१३ चे आहेत. त्याआधी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असा आदेश दिला, आणि लहान खाणवाल्यांचा कारभारच बदलला. परवान्याशिवाय गौण खनिज काढणाऱ्याला व त्याची वाहतूक करणाऱ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही अडकते. दगड स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि डंपर तहसील कचेरीच्या आवारात महिनाभर उभा राहिला, तर नफा कुठे राहिला? गाडीचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून रॉयल्टीची पावती आणि वाहतूक पास यांची प्रत घेतल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये. धावडांच्या भट्ट्या जळणाच्या अडचणीने विझल्या होत्या, आजचा खडीवाला कागदाच्या अडचणीने थांबतो. कारणे वेगळी, तरी धंद्याची वाट मध्येच बंद होणे तेच.

चौथी गोष्ट माणसांची. एके काळी वडार समाजातील स्त्री-पुरुष उन्हात बसून हातोडीने खडी फोडत. आता बहुतेक काम क्रशरवर होते, पण सुरुंग, उडणारे दगड आणि धूळ आहेतच. क्रशरवर पाणी मारण्याची सोय ठेवणे, कामगाराच्या तोंडाला नुसत्या फडक्याऐवजी चांगला मास्क देणे, सुरुंग परवानाधारकाकडूनच उडवणे, यांचा खर्च एका ब्रासमागे विभागला तर फार होत नाही. रोमन राजवटीत खाण ही शिक्षा होती. आपल्या काळात ती रोजगाराची जागा आहे, आणि तिथे येणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे. तो गेला नाही तर मजुरी वेळेवर दिली याचे समाधान मालकाला फार काळ पुरत नाही.

ज्यांचा धंदा खऱ्या धातूचा आहे, त्यांनाही ‘कोणत्या खाणीतला माल’ हा प्रश्न सुटलेला नाही. भंगाराच्या व्यापाऱ्याला तर तो रोज पडतो. तांब्याची तार, पितळेचे नळ, मोटारीचे सुटे भाग दारात आले की ते कुठून निघाले हे विचारणे, आणणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ओळखपत्राची प्रत ठेवणे, हाच त्याचा बचाव. चोरीचा माल निघाला तर ‘मला माहीत नव्हते’ हे सांगण्यापेक्षा वहीत लिहिलेली ओळ दाखवणे केव्हाही बरे.

‘मेटल’ शब्दाने अडीच हजार वर्षांत खाणीपासून दुकानापर्यंत प्रवास केला आणि वाटेत खाणीला तो विसरला. आपल्या सातारा-सांगलीच्या पावत्यांनी त्याचा जुना अर्थ सांभाळून ठेवला आहे, तो तसाच चालू द्या. फक्त पुढच्या खेपेला पावती लिहाल तेव्हा ‘मेटल’च्या पुढे कंसात ‘दगडी खडी’ एवढे दोन शब्द, मालाचे माप, एच. एस. एन. क्रमांक आणि वाहतूक पासचा नंबर घाला. अर्धी ओळ जास्त लागेल, आणि तुमचा माल कुठल्या खाणीतून निघाला हे कोणी विचारले तर उत्तर कागदावरच सापडेल.